आमच्या नावावर कशाला खपवता, राव?

'हा पिक्चर मासला आवडेल' असं म्हणत जे काही आमच्या गळ्यात मारलं जातं, त्याबद्दल त्या 'मास'मधल्याच एकाचं म्हणणं

२०२५ चा गुढीपाडवा ३० मार्चला आला, रविवारी. सकाळी गुढी उभारली. आईनं कडुलिंबाचा पाला आणि गूळ हातावर ठेवला आणि दरवर्षीचं वाक्य म्हणाली, "आधी कडू खा, म्हंजे वर्षभर गोड होतंय." खाल्लं. मग पुरणपोळ्या हाणल्या, आणि साडेदहाच्या सुमारास आम्ही चौघं दोन गाड्यांवर कर्जतहून नगरला निघालो. 'सिकंदर' त्याच दिवशी लागला होता. "गुढी उतरवायच्या आत येतो," असं घरी कबूल केलं होतं.

संध्याकाळी परत आल्यावर एवढंच कळलं, की त्या दिवशीचं कडू सकाळी संपलंच नव्हतं.

आता सलमान खान म्हणजे आपला माणूस. त्याला नावं ठेवायची तर जीभ अडखळते. दिग्दर्शक ए. आर. मुरुगदास, म्हणजे २००८ च्या 'गजनी'वाले. तो बघून आमच्या थोरल्या चुलतभावांनी डोक्यावर रेघा पाडून घेतल्या होत्या आणि घरी मार खाल्ला होता. कथाही ऐकायला वाईट नाही. राजकोटच्या राजघराण्यातला एक माणूस. त्याची बायको जाते, तिचे अवयव मुंबईतल्या तिघांना मिळतात, आणि मग हा त्या तिघांना जपायला मुंबईत येतो. ही गोष्ट टपरीवर सांगितली तर समोरचा "बरं, पुढं?" असं नक्की विचारील. पडद्यावर मात्र 'पुढं' काही येईचना. हिरो स्वतःच्याच पिक्चरमध्ये लग्नाला आलेल्या पाव्हण्यासारखा वावरत होता. जेवण झालं, आहेर दिला, आता निघू का, असा चेहरा.

आमच्यातला एक जण आदल्या रात्री कांद्याला पाणी धरून आला होता, रात्रीची लाईट होती म्हणून. तो पहिल्या अर्ध्या तासात जो झोपला तो इंटरव्हललाच उठला. सुरुवातीला आम्ही त्याला हसलो. नंतर त्याचा हेवा वाटायला लागला.

येताना मिरजगावात चहाला थांबलो. आमच्यातला दुसरा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, त्यामुळं सगळं मुद्देसूद बोलतो. तो म्हणाला, "आपल्याला नावं ठेवायचा हक्कच नाय. हा मास पिक्चर होता. मासला आवडतो असा."

"मास म्हंजे कोण?" झोपून उठलेल्यानं विचारलं.

"म्हंजे आपणच की."

चौघंही गप्प बसलो. माझ्या डोक्यात जे सुरू झालं ते तिथंच. गेली दोन-तीन वर्षं एखादा मोठा पिक्चर आपटला की कुणीतरी म्हणतंच, शहरातल्या शहाण्या लोकांना नाही आवडला तर नाही, छोट्या गावातल्या प्रेक्षकाला आवडेल. छोट्या गावातला प्रेक्षक इथं चहा पितोय, राव. त्याला नाही आवडला. त्याला विचारलं कुणी?

आधी एक खुलासा

कर्जत म्हटलं की सिनेमावाले लोक लगेच विचारतात, "एन. डी. स्टुडिओ तुमच्याकडंच ना?" नाही. ते रायगडचं कर्जत. 'जोधा अकबर'चा महाल, 'प्रेम रतन धन पायो'चा राजवाडा, ते सगळं तिकडं. आमच्याकडं खरा माल आहे. रेहेकुरीची काळवीटं आहेत, राशीनची देवी आहे, सिद्धटेकचा गणपती आहे. मोबाईलवर तिकीट काढायला कर्जत टाकलं की गाडी घाट उतरून कोकणाच्या दिशेनं निघते. आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यातले, ज्याला बोलताना अजून सगळे नगरच म्हणतात.

आणि आमच्यासाठी पिक्चर म्हणजे 'चल, बघून येऊ' असं काम नाही. मोठ्या पडद्यावर नीट बघायचा तर नगर गाठा, नाहीतर बारामती. कुठंही गेलं तरी सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर. जाऊन-येऊन दीडशे. गाडीला पन्नासचं ॲव्हरेज धरलं तरी तीन लिटर पेट्रोल, म्हणजे तीनशेच्या वर. दोघांत वाटलं तर दीडशे-एकशेसाठ. तिकीट दीडशे-दोनशे. पॉपकॉर्नचा डबा चौघांत एक घेतला आणि दाणे मोजून खाल्ले तरी माणशी पन्नास-साठ. वर चहा-वडापाव. चारशेच्या पुढंच जातं. आमच्याकडं दिवसभर शेतात राबल्यावर साधारण एवढीच मजुरी मिळते. म्हणजे पिक्चरपायी एक दिवस पैशात जातो आणि एक दिवस खरोखरचा जातो. दोन दिवसांची कमाई हातात घेऊन आम्ही दारात उभे असतो.

शहरातल्या माणसाला पिक्चर नाही आवडला तर तो इंटरव्हलला उठून घरी जातो. आम्ही उठून कुठं जायचं? बाहेर ऊन आणि पुढं सत्तर किलोमीटर. त्यामुळं आम्ही शेवटपर्यंत बसतो. आम्ही बसलो म्हणून यांना वाटतं आम्हाला आवडला.

आडात पाणी आणि पोहऱ्यात ग्राफिक्स

निराशेच्या यादीत पहिला मान 'आदिपुरुष'चा. हे दुखणं जुनं आहे, पण अजून ठणकतं. दिग्दर्शक ओम राऊत म्हणजे आपला मराठी माणूस. 'लोकमान्य' आणि 'तान्हाजी' केलेला. त्यामुळं आशा मोठी होती. टीझरमधली ग्राफिक्स बघून लोकांनी आरडाओरडा केला, म्हणून पिक्चर जानेवारीतून १६ जून २०२३ वर ढकलला. पाचशे कोटींच्या वर खर्च झाल्याच्या बातम्या होत्या. प्रत्येक थेटरात एक खुर्ची हनुमानासाठी मोकळी ठेवायचं जाहीर झालं होतं. पिक्चर संपल्यावर आमच्या मनात एकच विचार होता, मारुतीरायानं हे सगळं बसून बघितलं असेल तर त्याच्या सहनशक्तीला दंडवत.

लंका काळीकुट्ट, रावण अंगावर अजगर सोडून मालिश करून घेतोय, आणि संवाद असे की लोकांच्या संतापानंतर ते चालू पिक्चरमध्ये बदलावे लागले. रामायण बदलून घ्यावं लागणं म्हणजे कमालच झाली.

आता आमच्याकडची गंमत सांगतो. गावात सप्ताह बसला की रात्री कीर्तन असतं. कीर्तनकार महाराजांच्या गळ्यात वीणा, मागं टाळकरी, बाजूला मृदंग. ग्राफिक्सचा खर्च शून्य. महाराज लंकादहन लावतात. मारुतीची शेपटी ते हातानं दाखवतात, लांबवतात, तिला चिंध्या गुंडाळतात, तेल ओततात, आणि मांडीवर पोर घेऊन बसलेल्या आया त्या शेपटीकडं बघत असतात. शेपटी कुठंय? कुठंच नाही. पण मांडवातल्या प्रत्येकाला दिसते. पुढं काय होणार हे सगळ्यांना पाठ आहे, तरी कुणी उठत नाही.

हे लोक म्हणजेच मास आहेत. यांच्यापुढं तुम्ही पाचशे कोटींचं रामायण घेऊन येता, तर निदान त्या वीणेएवढं तरी खरं आणा. ज्यांनी रामायण हजार वेळा ऐकलंय त्यांना रामायणातलं कमी कळतं, असं समजून चालू नका. आडात असेल तर पोहऱ्यात येईल.

शिळ्या कढीला किती वेळा ऊत

दुसरा प्रकार रिमेकचा. एक साधी गोष्ट या लोकांच्या कानावर कुणीच घातलेली दिसत नाही. दक्षिणेतले सगळे पिक्चर हिंदीत डब होऊन आमच्याकडं कधीच पोचलेत. दुपारी जेवायला घरी आलं की टीव्हीवर कुणीतरी एका बुक्कीत आठ माणसं उडवत असतो. आमच्या आज्जीला अल्लू अर्जुन नावानं माहीत नाही, पण चेहऱ्यानं पक्का माहीत आहे. "त्यो पोरगा लागलाय बघ," म्हणते.

अशा गावात तुम्ही २०२३ मध्ये 'शहजादा' घेऊन येता. २०२० च्या 'अला वैकुंठपुरमुलू'चा रिमेक. आज्जीनं पाच मिनिटांत ओळखला. "ह्यात त्यो पोरगा का नाय?" मग 'सेल्फी' आला, मल्याळम 'ड्रायव्हिंग लायसन्स'वरून. मग २०२४ च्या नाताळात 'बेबी जॉन', २०१६ च्या 'थेरी'वरून. 'थेरी'चा दिग्दर्शक ॲटली, आणि 'बेबी जॉन'च्या निर्मात्यांमध्येही तोच. म्हणजे स्वयंपाकी तोच, कढी तीच, फक्त वाटी बदलली. आणि वाटीचे पैसे वेगळे.

पण रिमेकमध्ये आमचं खरं दुखलं ते 'धडक'नं, २०१८ साली. त्याचं कारण घरगुती आहे. 'सैराट' आमच्या शेजारच्या करमाळा तालुक्यात शूट झाला. नागराज मंजुळे तिथल्या जेऊरचे, आणि सिनेमाचं शिक्षण त्यांनी नगरच्या कॉलेजात घेतलं. 'सैराट'मधलं ऊन आमचं आहे, बांध आमचे आहेत, विहिरी आमच्या आहेत. आर्ची ट्रॅक्टर चालवत येते तेव्हा आम्हाला नवल वाटलं नाही, आनंद वाटला. 'धडक'वाल्यांनी ही गोष्ट उचलून उदयपूरला नेली. तळी, हवेल्या, रंगीत फेटे. सगळं इतकं देखणं झालं, की गोष्टीतला काटाच निघून गेला. 'सैराट'मध्ये पोरापोरींच्या मध्ये जात उभी होती, आणि ती कुठून कुठंवर उभी असते हे बघणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. 'धडक'मध्ये मध्ये नेमकं काय उभं आहे ते शोधावं लागत होतं. निवडुंगाचे काटे काढून कुंडीत लावला, आणि वर म्हणाले, बघा, किती छान दिसतोय.

शेवट विकत घ्या

तिसरा प्रकार फक्त विनोदाचा आहे, म्हणजे निदान नाव तरी तसं आहे. ६ जूनला 'हाउसफुल ५' आला. एकाच दिवशी दोन. '५ अ' आणि '५ ब'. पिक्चर तोच, शेवट वेगळा, खुनी वेगळा. दुसरा खुनी बघायचा तर दुसरं तिकीट काढा. किराणा दुकानातही एक साबणावर एक फुकट देतात. इथं एका पिक्चरवर अर्धा विकत.

आमच्यातल्या दोघांनी 'अ' बघितला, माझ्या मावसभावानं पुण्यात 'ब' बघितला. फोनवर त्यानं त्याचा खुनी सांगितला, आम्ही आमचा सांगितला. दोन्ही खुनी कळून कुणालाच काही वाटलं नाही. खून कुणी केला याची उत्सुकता तेव्हा वाटते, जेव्हा मेलेल्याबद्दल थोडं तरी वाईट वाटतं.

याच घरातले दुसरे पाव्हणे म्हणजे जुन्या नावावर जगणारे. २०२४ च्या ईदला 'बडे मियां छोटे मियां' आला. १९९८ च्या त्याच नावाच्या पिक्चरमधलं गोविंदाचं हसू काही सोबत आलं नाही, फक्त नाव आलं. २०२५ च्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी 'वॉर २' आला. दोन मोठे हिरो, जगभरची लोकेशनं. पण दोघांपैकी कुणाच्याच जिवाला काही होणार नाही हे आधीपासून माहीत असेल, तर मारामारी जमिनीवर होवो नाहीतर आभाळात, बघणारा मोबाईल काढून किती वाजले ते बघतो.

आणि व्हिलन? आम्ही नगरवाले या बाबतीत जरा हट्टी आहोत, कारण सदाशिव अमरापूरकर नगरचे. 'अर्धसत्य'मधला रामा शेट्टी ओरडत नाही, धावत नाही, तरी घाम फुटतो. 'सडक'मधल्या महाराणीसाठी त्यांना खलनायकाचं पहिलं फिल्मफेअर मिळालं. आताचे व्हिलन सूट घालून काचेच्या मोठ्या ऑफिसात उभे राहतात आणि फोनवर ओरडतात. असा साहेब तर आमच्या कुठल्याही बँकेत भेटतो.

आता घरचा आहेर

हिंदीवाल्यांना एवढं बोललो म्हणून मराठीवाल्यांनी हसू नये.

पहिली तक्रार लंडनची. मराठी पिक्चरमधली माणसं हल्ली लंडनला इतक्या वेळा जातात, जितक्या वेळा आम्ही नगरला जात नाही. 'झिम्मा'मध्ये बायका सहलीला गेल्या ते ठीक होतं, ती गोष्टच सहलीची होती. नंतर मात्र प्रत्येकाचा मामा तिकडंच निघायला लागला. घटस्फोट लंडनला, समेट लंडनला, लग्नही लंडनला. तिथं शूटिंग केलं की खर्चात सवलत मिळते म्हणतात. मिळू द्या, चांगलंच आहे. पण गोष्टीला पण जरा सवलत द्या.

दुसरी तक्रार आमच्या भाषेची. मराठी पिक्चरमध्ये खेडेगाव आलं की एक पाटील येतो, एक पार येतो, आणि एक विसरभोळा इरसाल म्हातारा येतो. सगळे जण दर वाक्यात 'लई' म्हणतात आणि 'व्हय जी' म्हणून मान डोलावतात. ही बोली कुठल्या तालुक्याची, कोण जाणे. कर्जतची नाही, करमाळ्याची नाही, पारनेरची तर नाहीच. आर्चीनं तोंड उघडलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, ही पोरगी खोटं बोलत नाहीये. रिंकू राजगुरू अकलूजची. ती जशी बोलते तशी बोलली. एवढं साधं होतं ते.

तिसरं बोलायला जरा भीती वाटते, पण बोलतो. महाराजांवरचे सिनेमे. २०२२ या एका वर्षात 'पावनखिंड', 'शेर शिवराज', 'हर हर महादेव' असे एकामागून एक आले. आम्ही जातो, कारण नाही गेलो तर घरचं कार्य चुकवल्यासारखं वाटतं. पण प्रेमानं येणाऱ्या माणसाला दर वेळी तेच धुकं, तीच स्लो मोशन आणि तोच कानठळ्या बसवणारा आवाज द्यायचा, हे बरोबर नाही. आमच्या शेजारच्या श्रीगोंदा तालुक्यात भीमेच्या काठावर पेडगावचा बहादूरगड आहे. १६८९ साली संभाजी महाराजांना कैद करून तिथं आणलं होतं. फेब्रुवारीत 'छावा' बघितला, त्यातही आवाज काही कमी नव्हता. पण शेवटी थेटरात नुसते हुंदके होते. पुढच्या रविवारी आम्ही पेडगावला गेलो. पडकी तटबंदी, वारा आणि खाली नदी. कुठंच पार्श्वसंगीत नव्हतं. तिथं उभं राहिल्यावर जे वाटलं त्याला आवाज लागत नाही.

क्रूझर परत गेली ती गेली

इथवर सगळं हसण्यावारी नेलं. आता एक गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही.

३० जून २०२३ ला 'बाईपण भारी देवा' लागला. पुढच्याच आठवड्यात आमच्या गल्लीतल्या अकरा बायकांनी मिळून क्रूझर ठरवली. यातल्या चौघी-पाचजणी लग्न झाल्यापासून थेटरात गेल्या नव्हत्या. माझी आई त्यातलीच. दोन दिवस आधीपासून फोनाफोनी, कुणी कुठली साडी नेसायची, गॉगल कुणाकडं आहे. घरच्या पुरुषांनी त्या दिवशी आपापलं जेवण वाढून घेतलं आणि दूध घातलं. रात्री क्रूझर परत आली तेव्हा गल्लीच्या टोकापासून हसण्याचा आवाज येत होता. आईनं तो पिक्चर मला तीनदा सांगितला, आणि तिन्ही वेळा मला शेवट नव्यानं कळला.

तो सिनेमा फार थोर होता, असं माझं म्हणणं नाही. पण त्यात सहा बहिणी होत्या, आणि माझ्या आईला त्यातली एक स्वतःसारखी वाटली.

मग काही महिन्यांनी त्याच बायका हुरूप येऊन दुसऱ्या एका पिक्चरला गेल्या. नाव घेत नाही. 'बायकांसाठी खास' अशी जाहिरात होती. त्यात बायका होत्या, रंगीत कपडे होते, नाच होता, गोष्ट नव्हती. त्या रात्री क्रूझर शांत आली. एका काकूंना घरी ऐकावं लागलं, "एवढे पैसे घालून हे बघायला गेली होती का?" आई चपला काढता काढता म्हणाली, "आता नको बाई. टीव्हीवर येईल तेव्हा बघू."

त्यानंतर क्रूझर ठरली नाही.

हा हिशोब कुठल्याच निर्मात्याच्या वहीत नसतो. पिक्चर पडला तर त्याचे कोटी बुडतात, आणि ते वाईटच आहे. पण पुढचा पिक्चर तो काढतो. आमच्या गल्लीत मात्र एक पिक्चर पडला की अकरा बायकांचं वर्षातून एकदा घराबाहेर पडणं पडतं. त्यांना तिकिटाबरोबर परवानगी काढावी लागते, वेळ काढावा लागतो, हट्ट धरावा लागतो. वाईट सिनेमा त्या हट्टातली हवा काढून टाकतो. पुढच्या वेळी "जाऊ का?" असं विचारायची हिंमतच राहत नाही.

मग तुम्हाला पाहिजे तरी काय?

रास्त प्रश्न. कुणाला वाटेल, या पोराला सगळं गंभीरच हवंय. अजिबात नाही. 'पुष्पा २'ला आम्ही शिट्ट्या मारल्यात. 'जवान'ला खुर्चीवर उभे राहिलोय, मागच्यांच्या शिव्या खाल्ल्यात. आम्हाला उड्या, मारामाऱ्या, गाणी, सगळं चालतं. पण पुष्पा लाकडं तोडणारा हमाल म्हणून सुरुवात करतो, त्याची मजुरी, त्याचा मिजासखोर खांदा आम्हाला ओळखीचा वाटतो. मग तो पुढं किती का उडेना. पाय जमिनीवर टेकलेले दिसले की आम्ही उडी मान्य करतो.

आणि शांतताही आम्हाला कळते. हे मात्र ठासून सांगायचंय. 'सैराट' जवळजवळ तीन तासांचा. पहिल्या अर्ध्यात लोक खुर्च्यांमध्ये नाचत होते. पैसे उधळत होते. आणि शेवटी त्या लहान लेकराची लाल पावलं उमटत गेली तेव्हा पडद्यावर आवाजच नव्हता, आणि थेटरातही नव्हता. शिट्ट्या मारणारी तीच पोरं, खाली मान घालून बाहेर पडली. हाच तो मास. याच मासनं तो सिनेमा शंभर कोटींच्या घरात नेला, मराठीत पहिल्यांदाच. त्याआधी 'फँड्री'तल्या जब्यानं पडद्यावरून आमच्याकडं दगड भिरकावला, तोही आम्ही झेलला. भाऊराव कऱ्हाडेंनी 'ख्वाडा' जमीन विकून काढला. त्यातली मेंढरं घेऊन हिंडणारी माणसं आमच्या रस्त्यानं रोज जातात. पाचशे कोटी लागले नाहीत. आपण ज्यांच्याबद्दल बोलतोय त्यांना ओळखावं लागलं, एवढंच.

आता आमची चूकही कबूल करतो, नाहीतर हे एकतर्फी होईल. मोठा पिक्चर आला की आम्ही पहिल्या दिवशी पळतो, आणि छोटा मराठी पिक्चर आला की म्हणतो, बघू, मोबाईलवर येईलच. कुणीतरी ग्रुपवर चोरून काढलेली प्रिंट टाकतं, आणि आम्ही ती बघून वर दिग्दर्शकाला अक्कल शिकवतो. 'सबर बोंडं'नं २०२५ मध्ये अमेरिकेत सनडान्सला मोठं बक्षीस मिळवलं. सबर बोंडं म्हणजे काय हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नाही, लहानपणी बोटात काटे भरवून घेतलेत. सप्टेंबरात तो लागला. आमचं 'या रविवारी, त्या रविवारी' करेपर्यंत उतरलाही. ही चूक आमचीच. चांगल्याला गेलो नाही तर वाईटाबद्दल बोलायचं तोंड उरत नाही.

म्हणून सिनेमावाल्यांकडं मागणं थोडकंच आहे. वाईट पिक्चर काढा, हरकत नाही. प्रयत्न फसला तर कळतं आम्हाला. पेरलेलं सगळंच उगवत नाही, हे शेतकऱ्याच्या पोराला काय सांगायचं? पण न पेरताच पीक कापायला येऊ नका. आणि रिकाम्या रानाकडं बोट दाखवून 'मासला असंच आवडतं' असं तर बिलकुल म्हणू नका. तुमचा आळस तुमच्या नावावर लावा. आमच्या सातबाऱ्यावर कशाला चढवता?

परवा घरी 'दशावतार'चा विषय निघाला होता. ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर त्यात काय काय करतात, ते मी आईला सांगत होतो. ती भाकरी थापत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "एवढं चांगलं होतं, तर तवा का नाय सांगितलं?"

"येणार होतीस का?"

तव्यावरची भाकरी उलटली. म्हणाली, "पुढचा असा कुठला असंल तर सांग. काकूंनापण विचारते. रडवलं तरी चालंल, पण झोप नाय आली पाहिजे."

तर मुंबई-पुण्याकडच्या समस्त दिग्दर्शकांनो, क्रूझरवाल्याचा नंबर माझ्याकडं अजून आहे. आता जरा जपून.